परदेशांतील पहिलें बिऱ्हाड

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जावयास निघाली, कीं घरांत एक प्रकारची लगीनघाई उडते. एकीकडे भाजणी भाजली जाते, दुसरीकडे मेतकूट दळून येतें, लोकरीचे कपडे खरेदी होतात, बॅगांचें वजन तीन तीन वेळां काट्यावर पाहिलें जातें, आणि शेजारीपाजारी अभिनंदन करून जातात. विद्यापीठ कोणतें, विषय कोणता, कर्ज किती आणि तें फिटणार कधीं, या सर्व गोष्टींचा ऊहापोह घरांत चार चार वेळां होतो. परंतु त्या अपरिचित गांवीं पहिल्या रात्रीं हें मूल पाठ कोठें टेकणार आहे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलाच, तर “तिकडे सोय असते” एवढ्या तीन शब्दांत तो मिटविला जातो. आमच्या घरीं तो असाच मिटविला गेला होता. त्याचें जें फळ आम्हांस भोगावें लागलें त्याची हकीकत, आणि त्या निमित्तानें जी माहिती हातीं आली ती, इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावी म्हणून येथें देत आहें.

संस्कृतांत शिष्याला ‘अंतेवासी’ असा एक सुंदर शब्द आहे. गुरूच्या समीप राहतो तो अंतेवासी. म्हणजे विद्येच्या कल्पनेंतच निवासाची कल्पना आपल्या पूर्वजांनीं गोवून ठेविली होती. कोठें राहावें आणि काय खावें, ही विवंचना गुरुगृहाच्या उंबरठ्यावरच संपत असे. पुढें गुरुगृहें गेलीं. तरी कोंकणांतून पुण्यास शिकावयास आलेल्या गरीब मुलाला एखाद्या वाड्यांतील जिन्याखालची खोली आणि सात घरचे सात वार मिळत. वारावर जेवण्यांत मानहानीचे प्रसंग येत, हें खरें. पण त्या मुलावर सात घरच्या सात माउलींची नजर असे, आणि तो दोन दिवस तापानें पडला, तर ती गोष्ट त्यांपैकीं एकीला तरी कळल्यावांचून राहत नसे. १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें, तेंही अशाच निराधार मुलांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय करण्यासाठीं.

समुद्र ओलांडून गेलेल्या आपल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांनाही या प्रश्नानें सोडलें नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना प्रथम आपल्या घरीं उतरवून घेतलें, आणि मग त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयांत गेल्या. तेथील थंडी आणि न मानवणारा आहार यांनीं त्यांची आधींच नाजूक असलेली प्रकृति आणखी खालावली. १८८६ सालीं पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारींत त्या निवर्तल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थिनिवासांत ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले, आणि तो स्नेह जन्मभर टिकला. पुढें १९२१-२२ सालीं ते लंडनमध्यें ज्या घरांत राहत होते, तें किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन तेथें स्मारक केलें. संस्कृताचे गाढे पंडित रामचंद्र नारायण दांडेकर यांनीं १९३८ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथून डॉक्टरेट मिळविली. अशा थोरांच्या चरित्रांतून आपण ग्रंथ आणि पदव्या तेवढ्या लक्षांत ठेवतों. खोली, चूल आणि भाडें यांच्या ओळी घाईनें ओलांडून जातों. परंतु विद्यार्थ्याचा दिवस ग्रंथांत जात असला, तरी त्याची रात्र खोलींतच जाते.

आज अशीं मुलें मोजक्या घरांचीं राहिलीं नाहींत. एकट्या जर्मनींत २०२३-२४ सालीं सुमारें ४९,००० भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतें, म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबांचा ओढा तिकडे अधिक. मात्र राहण्याजेवणाचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. आणि तो करण्याची ऐपत आहे याची खात्री म्हणून वर्षाची रक्कम बहुधा एका बंद खात्यांत आधींच भरावी लागते, व तींतून दरमहा ठराविक पैसेच काढतां येतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो, अशी ठरविण्यांत आली. या पैशांतून पहिला आणि सर्वांत मोठा घास घेतें तें घरभाडें.

आमच्या थोरल्या बंधूंची नात २०२३ च्या सप्टेंबरांत यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठीं जर्मनींतील आखेन या गांवीं गेली. आखेन हें त्या देशाच्या अगदीं पश्चिम टोंकाला, हॉलंड आणि बेल्जियम यांच्या सीमेलगत वसलेलें जुनें शहर. ऊन पाण्याचे झरे आणि शार्लमेन बादशहानें उभारलेलें चर्च यांबद्दल तें प्रसिद्ध आहे. जर्मनींत विद्यार्थ्यांच्या निवासाचें आणि भोजनाचें काम विद्यापीठें स्वतः सहसा करीत नाहींत. त्यासाठीं प्रत्येक भागांत ‘श्टुडीरेंडेनवेर्क’ नांवाची स्वतंत्र विद्यार्थिसेवासंस्था असते. अशा ५७ संस्था त्या देशांत आहेत. पहिल्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांची अन्नान्नदशा झाली असतां, त्यांनीं आणि त्यांच्या प्राध्यापकांनीं मिळून स्वावलंबनाच्या ज्या योजना काढल्या, त्यांतून या संस्थांचा उगम झाला. त्यांच्या वसतिगृहांत भाडें बाजारभावापेक्षां कमी असतें. परंतु दहा विद्यार्थ्यांमागें जेमतेम एकाला तेथें जागा मिळते. बाकीच्यांनीं कित्येक महिने, क्वचित् वर्षभरही, यादींत नांव लावून बसावें लागतें. आमच्या मुलीनें नांव लाविलें होतें, पण तें प्रवेशपत्र हातीं आल्यानंतर दोन महिन्यांनीं. “आधीं व्हिसा तर होऊं दे” असें आम्ही वडील माणसांनींच तिला सांगितलें होतें.

जाण्याची तारीख जवळ येऊं लागली आणि जागेचा पत्ता नाहीं, तेव्हां तिनें इंटरनेटवर जाहिराती पाहिल्या. एक खोली फारच पसंत पडली. छायाचित्रें सुरेख होतीं, भाडें माफक होतें, आणि ‘मालक’ पत्रें तर इतक्या सौजन्यानें लिहीत होता कीं विचारतां सोय नाहीं. आपण सध्यां नोकरीनिमित्त दुसऱ्या देशांत आहों, अनामत आणि एका महिन्याचें भाडें मिळून ९०० युरो पाठवावे, म्हणजे करारपत्र व किल्ल्या टपालानें येतील, असें त्याचें म्हणणें. आमचे सुमारें ऐंशी हजार रुपये गेले. करारपत्र आलें, किल्ल्या आल्या नाहींत. त्या तेथें पोंचल्यावर मिळतील, असें उत्तर आलें. सप्टेंबरच्या एका पावसाळी संध्याकाळीं दोन जड बॅगा ओढीत मुलगी त्या पत्त्यावर गेली. इमारत होती, मजलाही होता. पण त्या घरांत एक वृद्ध जोडपें कित्येक वर्षें राहत होतें, आणि त्यांना या व्यवहाराची वार्ताही नव्हती.

ही हकीकत त्या वेळीं आम्हांला समजली नाहीं. त्या रात्रीं आम्हांस जो फोन आला त्यांत, “पोंचलें, खोली छान आहे” एवढेंच होतें. प्रत्यक्षांत ती एका स्वस्त मुसाफिरखान्यांत होती. आणि दोन दिवसांनीं सांगलीकडच्या एका मुलीनें, पूर्वीची कसलीही ओळख नसतां, केवळ मराठी बोलणें ऐकून तिला आपल्या खोलींत जमिनीवर गादी टाकून दिली. तेथें ती पांच आठवडे निजली. घरीं दाखविलेली खोली, पुस्तकांची फळी आणि खिडकींतून दिसणारें चर्चचें शिखर, हें सारें त्या दुसऱ्या मुलीचें होतें.

उलगडा झाला तो दिवाळींत, आणि तो आमच्या वहिनींनीं केला. वहिनींचें शिक्षण चौथीपर्यंत. पण घरांतील वाटी जागची हलली तरी त्यांच्या ध्यानांत येते. पाडव्याच्या दिवशीं फोनवर नातीचें तोंड पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “गेल्या महिन्यांत तुझ्या खिडकींतून देवळाचें शिखर दिसत होतें, आज भिंत दिसते आहे. खिडकी फिरली कीं तूं फिरलीस?” पलीकडे क्षणभर शांतता झाली, आणि मग मुलगी रडूं लागली. “आजी, मी फसलें गं. तुझ्या पाटल्यांचे पैसे घालविले.” तिच्या प्रवासाच्या खर्चासाठीं वहिनींनीं आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, “पाटल्या मोडल्या त्या तूं नीट राहावीस म्हणून. जमिनीवर निजून आम्हांला खोटें सांगावेंस म्हणून नव्हे.”

नंतर मीं तिला विचारलें, “अगं, त्याच रात्रीं कां नाहीं सांगितलेंस?” तिनें जें उत्तर दिलें, तें ऐकून चाळीस वर्षें मुलांना शिकविलेला हा मास्तर खालीं मान घालून बसला. ती म्हणाली, “धाकटे आजोबा, निघतांना तुम्हींच सांगितलें होतें ना, कीं घराण्याचें नांव राख, आणि तिकडून रडगाणीं ऐकवूं नकोस?” तसें मीं म्हटलें होतें खरें. भरल्या घरांत, सर्वांसमक्ष, मोठ्या ऐटींत म्हटलें होतें.

असो. पैसे परत आले नाहींत. पोलिसांत तक्रार नोंदविली. पण तो ‘मालक’ कोण आणि कोठला, याचा थांग लागला नाहीं. आतां या अनुभवांतून जें व्यवहारज्ञान मिळालें तें सांगतों.

पहिली गोष्ट ही, कीं विद्यापीठांत अर्ज करतांनाच, किंवा निदान प्रवेश मिळतांच त्याच दिवशीं, वसतिगृहाच्या यादींत नांव घालावें. व्हिसाची वाट पाहूं नये. दुसरी, खोली कोणीतरी विश्वासू माणसानें डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज एक पैसाही पाठवूं नये. मालक परदेशीं आहे आणि किल्ल्या टपालानें येतील, हें वाक्य जेथें आढळेल तेथून दूर व्हावें. तिसरी, पहिल्या दोनतीन आठवड्यांसाठीं एखाद्या मुसाफिरखान्यांत जागा राखून मगच विमानांत बसावें. चौथी, एखाद्या सत्रासाठीं परगांवीं गेलेले विद्यार्थी आपली खोली तेवढ्या मुदतीपुरती दुसऱ्यास देतात. अशी मधल्या काळाची खोली मिळणें पुष्कळदां सोपें असतें. आमच्या मुलीलाही नोव्हेंबर व डिसेंबर हे दोन महिने अशीच खोली मिळाली होती, आणि वहिनींना दिसलेली भिंत ती हीच.

भाड्याचे तेथें दोन प्रकार आहेत, आणि त्यांचीं नांवें गमतीचीं आहेत: ‘थंड’ भाडें आणि ‘ऊन’ भाडें. नुसत्या जागेचें तें थंड. त्यांत खोली उबविण्याचा, पाण्याचा व इमारतीच्या देखभालीचा खर्च मिळविला म्हणजे तें ऊन. जाहिरातींत थंड आंकडा पाहून हुरळून जाऊं नये. खाजगी घराची अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक घेतां येत नाहीं, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकऱ्यास कायद्यानें हक्क आहे. खोली ताब्यांत घेतांना भिंतीवरचा ओरखडा, फुटकी फरशी, सैल कडी, सर्व कांहीं कागदावर नोंदवून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. नाहींतर निघतांना दुसऱ्याच्या चुकीचे पैसे आपल्या अनामतींतून कापले जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदणीची. जर्मनींत घरीं राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठीं घर देणाऱ्याचा लेखी दाखला लागतो. पत्त्याची नोंद नसेल तर करक्रमांकाचें पत्र येत नाहीं, आणि पुढें वास्तव्याच्या परवान्याचें कामही अडतें. आमची मुलगी मैत्रिणीच्या खोलींत चोरून राहिल्यासारखी राहत होती. असा दाखला तिला कोणी द्यावा? ती सांगते, कीं त्या पांच आठवड्यांत जमिनीवर निजण्याचें दुःख तिला झालें नाहीं. आपण कोठेंच राहत नाहीं, या भावनेचें झालें.

१९२४ च्या काळीं ज्याला आपण ‘बिऱ्हाड करणें’ म्हणत असूं, तें तिचें खरें बिऱ्हाड २०२४ च्या जानेवारींत, वसतिगृहांत जागा मिळाल्यावर सुरू झालें. जर्मनींतील वसतिगृहें नाना तऱ्हेचीं आहेत. म्यूनिक येथें तर १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळीं खेळाडू स्त्रियांसाठीं बांधलेल्या वस्तींत पुढें विद्यार्थी राहूं लागले. तेथील इवलाल्या बंगल्यांच्या भिंती विद्यार्थी आपल्या हातांनीं रंगवितात. आमच्या मुलीच्या वांट्याला आली ती एका उंच इमारतींतील लहानशी खोली. एक खाट, एक टेबल, एक कपाट, एक खिडकी, आणि सहा जणांत मिळून एक स्वयंपाकघर.

अशा खोलीचे कांहीं धर्म आहेत, ते आपल्या मुलांना आधींच सांगितलेले बरे. दार ओढून घेतलें कीं बाहेरून उघडत नाहीं, म्हणून किल्ली गळ्यांत ताइतासारखी असावी. रात्रीं कुलूपवाल्यास बोलावणें फार महाग पडतें. एकच किल्ली इमारतीचें आणि खोलीचें दार उघडत असेल, तर ती हरविल्यास अनेक कुलुपें बदलण्याचा खर्च अंगावर येऊं शकतो. त्यासाठीं दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा एक स्वस्त विमा तेथें मिळतो. तो घेतांना त्यांत किल्लीचा अंतर्भाव आहे ना, तें पाहावें. कडाक्याच्या थंडींतही दिवसांतून दोनतीनदां पांच-दहा मिनिटें खिडकी सताड उघडावी लागते. नाहींतर श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ भिंतींत मुरून बुरशी धरते, आणि तिची जबाबदारी राहणाऱ्यावर येते. छताला धुराची वर्दी देणारें यंत्र असतें. खोलीचें दार उघडें ठेवून शेजारच्या स्वयंपाकघरांत मिरच्यांची फोडणी केली, तर तें कसें ओरडतें, याचा अनुभव आमच्या मुलीनें पहिल्याच आठवड्यांत घेतला.

रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत शांतता पाळावयाची, आणि रविवारीं सबंध दिवस. रविवारीं दुकानें बंद असतात, म्हणून शनिवारीं पीठमीठ पाहून ठेवावें. केरकचऱ्याचा तर तेथें शास्त्रार्थच आहे. कागद निराळा, भाजीपाल्याचीं देंठें निराळीं, वेष्टनें निराळीं, उरलेला कचरा निराळा. आणि कांचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी अशा रंगांप्रमाणें वेगवेगळ्या. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट ठेव असते. बाटली दुकानांत परत केली कीं ती मिळते. नळाचें पाणी पिण्यास उत्तम असतें, हें ठाऊक असल्यास ती बाटली घेण्याचेंही कारण नाहीं. प्रत्येक बिऱ्हाडास आकाशवाणी व दूरदर्शन यांसाठीं महिन्यास १८.३६ युरो इतकी वर्गणी २०२१ पासून आहे. घरांत यंत्र असो वा नसो, ती द्यावीच लागते. तिचें पत्र आलें तर फसवणूक समजून फेंकून देऊं नये. एकदां दुधानें पोळलेल्या आमच्या मुलीनें तें फेंकून दिलें होतें.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. कारण आपल्या घरांतील वडील स्त्रियांना खरी धास्ती असते ती त्याची. सहा जणांच्या त्या चुलीवर कोणी गोमांस शिजवितो, कोणी डुकराचें मांस भाजतो, आणि तवा त्याच मोरींत धुतला जातो. वहिनींनीं पहिला प्रश्न हाच विचारला. मुलीनें सांगितलें, कीं तिनें आपली एक कढई, एक तवा, एक कुकर आणि एक पळी स्वतंत्र ठेविली आहे, आणि त्यांना कोणी हात लावीत नाहीं. ही मागणी सांगतांना ती फार संकोचली होती. पण समोरच्या खोलींतील एका मुसलमान मुलीनें हंसून आपलें कपाट उघडून दाखविलें. तिनेंही आपलीं भांडीं याच कारणासाठीं वेगळीं ठेविलीं होतीं. एका जर्मन मुलाचें तिसरें कपाट होतें. तो तर दूधही वर्ज्य मानणारा निघाला. तेव्हांपासून या तिघांचा एक शेल्फ शीतकपाटांत सामायिक झाला. वहिनींनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “म्हणजे सोंवळें आहे म्हणायचें तिकडेही.” सफाईची पाळी भिंतीवर लिहिलेली असते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलीस पाळी नवी नाहीं. नवें एवढेंच, कीं तिची पाळी चुकली तर तेथें कोणी काकू मुकाट्यानें भांडीं घांसून ठेवीत नाहीं.

बरोबर काय द्यावें, याविषयीं दोन शब्द. तूप, खवा, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघांत प्रवाशानें बाहेरून आणण्यास मनाई आहे. ताजा कढीलिंब आणि आंबे यांनाही वनस्पतींच्या निरोगीपणाचा सरकारी दाखला लागतो. आईनें प्रेमानें कढविलेलें तूप विमानतळावर टोपलींत पडावें, हें दृश्य टाळावें; लोणी तेथें मुबलक मिळतें, कढविण्याची कृति तेवढी शिकवून पाठवावी. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोरडी चटणी खुशाल द्यावी. कुकर देण्यापूर्वीं तेथील चूल कोणती तें विचारावें. इंडक्शनच्या चुलीवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाहीं. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पण आपली तीन खुंट्यांची पिन तेथील भोकांत बसत नाहीं. आणि एक तांब्या अवश्य द्यावा. त्याचें कारण वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

इतकें सर्व बरोबर झालें, तरी एक गोष्ट उरतेच. डिसेंबरांत आखेन येथें सकाळीं साडेआठच्या सुमारास उजाडतें आणि दुपारीं साडेचारला सूर्य मावळतो. कित्येक दिवस तर तो दिसतही नाहीं. भरल्या घरांतून गेलेल्या मुलाला त्या काळोखांत बंद दारांची रांग पाहून जो एकाकीपणा वाटतो, तो भित्रेपणा नव्हे. बहुतेक विद्यार्थिसेवासंस्थांत अशा मुलांसाठीं मानसोपचाराचा सल्ला देणारीं माणसें नेमलेलीं असतात, आणि अनेक वसतिगृहांत नवागतांस मदत करणारा एखादा जुना विद्यार्थी असतो. त्यांच्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं, हें आपण येथूनच मुलांच्या मनावर बिंबविलें पाहिजे. हिवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या मागें साडेचार तास आणि उन्हाळ्यांत साडेतीन तास असतें, हें ध्यानांत ठेवून फोनची एक वेळ ठरवावी, आणि त्या वेळीं “जेवलीस का?” या प्रश्नावरच थांबूं नये.

आम्हां वडील मंडळींस एक खोड असते. मुलांना निरोप देतांना आपण त्यांच्या पाठीवर आशीर्वादाबरोबर घराण्याची प्रतिष्ठा, कर्जाचा आंकडा आणि शेजाऱ्यांचें कौतुक हीं तिन्ही ओझीं लादतों. आणि मग त्यांनीं हंसतमुखानें “सर्व ठीक आहे” म्हणावें अशी अपेक्षा करतों. तें मूल तसें म्हणतेंही. ज्या चोरानें आमचे पैसे नेले त्यानें एकदांच नेले. पण ती मुलगी पांच आठवडे जमिनीवर निजून आमच्याशीं खोटें बोलली, तें त्या चोरामुळें नव्हे, माझ्या त्या एका वाक्यामुळें. निघणाऱ्या मुलाला देण्याची शिदोरी म्हणून मी आतां एकच वाक्य सुचवीन: “कांहीं चुकलें, फसलास, घाबरलास, तर पहिला फोन घरीं कर, रागवावयाचें असेल तर आम्ही नंतर रागवूं.” हें वाक्य चारचौघांत, मोठ्यानें आणि मनापासून म्हणावें.

२०२५ च्या सप्टेंबरांत तिचा फोन आला, तेव्हां तिच्या मागें जमिनीवर एक गादी पसरलेली दिसली. वहिनींच्या काळजांत धस्स झालें. “पुन्हां काय झालें गं?” त्यांनीं विचारलें. मुलगी हंसली. नागपूरकडची एक नवी मुलगी त्या दिवशीं आली होती. तिची खोली चार दिवसांनीं मिळावयाची होती, आणि वसतिगृहाचे नियम पाहुण्यास तेवढे दिवस ठेवूं देत होते. ही गादी तिनें मुद्दाम विकत घेऊन खाटेखालीं ठेवून दिली आहे. वहिनी म्हणाल्या, “तिला म्हणावें, आधीं आईला फोन कर.” “केला, आजी,” ती म्हणाली. “दार उघडायच्या आधींच करायला लावला.”